रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि नागपूर प्रांतांतील अश्मीभूत सृष्टि

थोर पुरुष म्हटला म्हणजे रणांगणावर पराक्रम गाजविणारा वीर, राज्य चालविणारा मुत्सद्दी किंवा भर सभेंत लोकांचीं मनें हालविणारा वक्ता आमच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्याची लेखणी दिवसाचें काम संपल्यावर रात्रीं चालते, आणि ज्याच्या पडशींत गांवोगांवचे दगड भरलेले असतात, अशा पुरुषाची गणना थोर मंडळींत करावी हें पुष्कळांस सुचत नाहीं. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाचें नांव वऱ्हाडांत सर्वांच्या परिचयाचें आहे. तेथें शिकून आलेले गृहस्थ आमच्या पालकवर्गांतहि आढळतील. परंतु ज्यांच्या नांवानें तें कॉलेज चालतें ते हिस्लॉप कोण होते, आणि आपण ज्या भूमीवर राहतों तिच्याविषयीं त्यांनीं जगाला काय सांगितलें, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून या अंकांत त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडांतील बर्विकशायर परगण्यांत, डन्स या लहानशा गांवीं, ता. ८ सप्टेंबर १८१७ रोजीं झाला. त्यांचे वडील गवंडीकाम करणारे होते. घरची स्थिति बेताची, परंतु वळण शिस्तीचें व धार्मिक. लहानपणापासूनच किडे, फुलपांखरें, वनस्पति आणि दगड गोळा करण्याचा त्यांस नाद होता. हा नाद वाढावयास तो मुलूखहि अनुकूल होता. अर्वाचीन भूगर्भशास्त्राचा पाया घालणारे जेम्स हटन यांची शेतीवाडी याच बर्विकशायर परगण्यांत होती. आणि याच परगण्याच्या समुद्रकांठीं, सिकार पॉइंट येथें, १७८८ सालीं हटन यांनीं उभ्या खडकांवर आडवे पसरलेले दुसरे खडक आपल्या मित्रांना दाखवून पृथ्वीचें वय मनुष्याच्या कल्पनेबाहेर मोठें आहे हें पटवून दिलें होतें. हिस्लॉप तरुण होते त्या वेळीं ह्यू मिलर या पाथरवटानें खाणींत काम करतांकरतां खडकांतील माशांचे अवशेष शोधून काढले व सर्व स्कॉटलंडभर कीर्ति मिळविली. दगड फोडणारा मनुष्य दगड वाचूंहि शकतो, ही गोष्ट गवंड्याच्या या मुलानें अशा रीतीनें आपल्याच देशांत पाहिली होती.

एडिंबरो व ग्लासगो येथें शिक्षण संपवून ते धर्मोपदेशक झाले. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या चर्चमध्यें फूट पडून फ्री चर्च निराळें झालें, आणि त्या फ्री चर्चतर्फे हिस्लॉप हिंदुस्थानांत यावयास निघाले. १८४४ च्या डिसेंबरांत ते सपत्नीक मुंबईस उतरले व पुढच्या वर्षाच्या आरंभीं नागपूरकडे आले. त्या काळीं आमच्या धामणगांवावरून रेल्वे गेलेली नव्हती; आगगाडी नागपुरास पोहोंचली ती १८६७ सालीं. नागपुरास तेव्हां तिसरे रघूजी भोसले यांचें राज्य होतें, व जवळच कामठीस इंग्रजांची छावणी होती. हिस्लॉप यांनीं मराठीचा अभ्यास सुरू केला आणि १८४६ सालीं नागपुरांत शाळा काढली. पुढील वर्षीं रॉबर्ट हंटर नांवाचे तरुण सहकारी त्यांस येऊन मिळाले. हे हंटर स्वतः निसर्गाचे मोठे अभ्यासक होते. पुढें मायदेशीं परतल्यावर त्यांनीं इंग्रजी भाषेचा एक विस्तृत ज्ञानकोशात्मक शब्दकोश संपादन केला. या दोघांची जोडी १८५५ पर्यंत टिकली, आणि त्या आठ वर्षांत जें कार्य झालें त्याचाच मुख्यतः हा वृत्तांत आहे.

तें कार्य समजण्यासाठीं आपल्या भूमीची रचना आधीं थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. आमच्या भागांत विहीर खणूं लागलें म्हणजे वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम आणि त्याच्याहि खालीं कठीण काळा पाषाण लागतो, हें प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक आहे. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून हा रस भेगांवाटे बाहेर आला, मैलोगणती पसरला आणि थिजला. कांहीं काळानें पुनः दुसरा लोट आला, मग तिसरा. आपली कपाशी जिच्यांत पिकते ती काळी याच पाषाणाच्या झिजेपासून झालेली आहे. परंतु एक लोट थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत कधीं कधीं हजारों वर्षें जात. तेवढ्या अवधींत त्या काळ्या पाषाणावर पाऊस पडे, सखल जागीं तळीं सांचत, त्यांच्या कांठीं झाडें उगवत, पाण्यांत गोगलगाई व शिंपले वाढत, आणि तळाशीं गाळ बसे. पुढचा लोट येऊन त्या गाळावर पसरला म्हणजे सर्व कांहीं त्याखालीं बंद होई. अशा रीतीनें दोन काळ्या थरांच्या मध्यें, पुस्तकाच्या पानांत ठेविलेल्या फुलाप्रमाणें, त्या काळचें जीवन दडून राहिलें आहे. मात्र काळ्या पाषाणांत अवशेष मिळत नाहींत. ते मिळतात त्या दोन पाषाणांमधल्या पातळ, फिकट, कित्येकदां गारगोटीसारख्या कठीण झालेल्या थरांत. पाहणाऱ्यास तो थर ओळखतां आला पाहिजे.

हिस्लॉप व हंटर यांना तो थर १८५१ सालीं नागपूरजवळ टाकळी येथें सांपडला. आज हें स्थान नागपूर शहराच्या पोटांत गेलें आहे. त्यांच्या आधीं व्हॉयसी आणि माल्कमसन या दोघां डॉक्टरांनीं दक्षिणेंतील अशा थरांतून कांहीं शंखशिंपले गोळा केले होते. परंतु एका ठिकाणीं ठाण मांडून, वर्षानुवर्षें, थर न् थर तपासण्याचें काम या दोघां शिक्षकांनींच प्रथम केलें. टाकळीस त्यांना गोड्या पाण्यांतील शंख मिळाले, फळें व बिया मिळाल्या, लांकडाचे दगड झालेले तुकडे मिळाले, हाडें मिळालीं, इतकेंच नव्हे तर भुंग्यांच्या पाठीवरील कठीण पंखकवचेंहि मिळालीं. एवढासा भुंगा तळ्यांत पडून मेला, आणि कोट्यवधि वर्षांनीं त्याचें पंखकवच शास्त्रज्ञांच्या हातीं आलें! अँड्र्यू मरे या कीटकशास्त्रज्ञानें १८६० सालीं त्यांचें वर्णन करतांना एका जातीस हिस्लॉप यांचें व दुसरीस हंटर यांचें नांव दिलें. योगायोग असा कीं, हिंदुस्थानच्या सरकारी भूगर्भ खात्याची स्थापना याच १८५१ सालीं झाली. तें खातें सरकारी खजिन्यावर चाललें. टाकळीचें काम दोघां शिक्षकांच्या फुरसतीवर चाललें.

फुरसत म्हणजे काय तें येथें सांगितलें पाहिजे. सकाळीं शाळा, दुपारीं उपदेश व भाषांचा अभ्यास, रात्रीं पत्रव्यवहार, अशी त्यांची दिनचर्या होती. थंडीच्या दिवसांत ते खेड्यापाड्यांतून फेरी काढीत. त्या फेरींतच वाटेवरच्या नाल्यांचे कांठ, दगडांच्या खाणी व नव्या खणलेल्या विहिरी यांवर त्यांची नजर असे. या कामीं त्यांस पगारी नोकर नव्हते. छावणींतील लष्करी अधिकारी व डॉक्टर हौसेनें नमुने आणून देत. टाकळीच्या थरांत रॉज नांवाच्या अशाच एका लष्करी डॉक्टरास मांसाहारी प्राण्याचा एक चपटा, करवतीसारख्या धारेचा दांत मिळाला. पुढें १८९० सालीं लंडन येथें लिडेकर यांनीं त्या दांतावरून ठरविलेल्या जातीस रॉज यांचें नांव दिलें. आणि आज तो मांसभक्षक डायनोसॉराचा दांत मानला जातो. ज्यास आज आपण स्वयंसेवक म्हणतों त्या वर्गाचींच हीं सर्व माणसें होतीं. वेतन नाहीं, हुकूम नाहीं; जिज्ञासा हीच त्यांची प्रेरणा.

टाकळीच्या पलीकडे त्यांचें क्षेत्र हळूहळू वाढत गेलें. कामठीजवळच्या सिलेवाडा येथील व नागपूरजवळील भरतवाडा येथील वाळूच्या दगडांत त्यांना पानांचे ठसे मिळाले. हा वाळूचा दगड आपल्या काळ्या पाषाणाहून कितीतरी पटींनीं जुना, म्हणजे सुमारें २५ कोटी वर्षांपूर्वींचा आहे. त्यांतील मुख्य पान लांबट, जिभेच्या आकाराचें, मधोमध शीर व दोहों बाजूंस जाळीदार रेषा असलेलें असतें. त्यास शास्त्रज्ञ ग्लॉसॉप्टेरिस म्हणतात, व त्या नांवाचा अर्थहि जिभेसारखा नेचा असाच आहे. हे ठसे सर चार्ल्स बनबरी यांच्याकडे गेले. त्यांनीं १८६१ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि एका नव्या वनस्पतीस हिस्लॉप यांचें नांव दिलें. नागपूरच्या दक्षिणेस सुमारें ६० मैलांवर मांगली येथें तांबूस दगडांत एक लहान, रुंद व चपटी कवटी मिळाली. बेडकाप्रमाणें जलांत व स्थलांत राहणाऱ्या एका प्राचीन प्राण्याची ती कवटी होती. लंडनचे रिचर्ड ओवेन, ज्यांनीं डायनोसॉर हा शब्द १८४२ सालीं प्रचारांत आणला, त्यांनींच तिचें परीक्षण करून तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स, म्हणजे आंखूड तोंडाचा व रुंद डोक्याचा, असें नांव दिलें.

आणखी दक्षिणेस, गोदावरीच्या खोऱ्यांत, मलेडी येथें मिळालेल्या माशांच्या दांतांची कथा तर विशेष मनोरंजक आहे. या दांतांचा आकार विचित्र, कोंबड्याच्या तुऱ्याप्रमाणें कडा असलेला होता. भूगर्भ खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनीं १८५९ सालीं त्यांचें वर्णन करून त्या जातीस हिस्लॉप यांचें नांव दिलें. हा सेरॅटोडस जातीचा मासा पृथ्वीवरून कोट्यवधि वर्षांपूर्वींच नाहींसा झाला असें तेव्हां सर्व मानीत. परंतु १८७० सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंडच्या नद्यांत त्याच घराण्याचा, फुप्फुसानें श्वास घेणारा मासा जिवंत आढळला! हिस्लॉप तो दिवस पाहावयास उरले नव्हते.

जिभेच्या आकाराचें तें पानहि असेंच मोठें साक्षीदार ठरलें. तें नागपूरकडे सांपडतें तसेंच दक्षिण आफ्रिकेंत, दक्षिण अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत सांपडतें. कप्तान स्कॉट यांची तुकडी दक्षिण ध्रुवाहून परत येतांना १९१२ सालीं बर्फांत मरण पावली. त्यांच्या घसरगाडीवर शेवटपर्यंत बाळगलेले सुमारें ३५ पौंड दगड मिळाले आणि त्यांत याच वनस्पतीचे ठसे होते. समुद्रांनीं दूर दूर केलेले हे सर्व भूप्रदेश एके काळीं एकत्र जोडलेले होते, ही गोष्ट सिद्ध करण्यास या पानानें मोठें साहाय्य केलें. त्या जोडलेल्या महाखंडास जगभर गोंडवन हें नांव मिळालें आहे. गोंड लोकांचा जो मुलूख, तोच आपला शेजार. आणि त्याचें नांव आज जगांतील प्रत्येक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

आपल्या शोधांचा वृत्तांत हिस्लॉप व हंटर यांनीं लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं प्रसिद्ध केला. नागपूरच्या आसपासच्या भूमीचें हें पहिलें सविस्तर शास्त्रीय वर्णन होय. पुढें १८६० सालीं हिस्लॉप यांनीं काळ्या पाषाणामधल्या थरांतील शंखशिंपल्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला, व त्यांतील एका शिंपल्यास आपल्या जुन्या सोबत्याचें, हंटर यांचें नांव दिलें. ज्या वस्तूचें ज्ञान आपणांस नाहीं ती जाणत्याच्या हातीं सोंपवावी हा त्यांचा नियम होता. पानें वनस्पतिशास्त्रज्ञाकडे, कवटी शारीरशास्त्रज्ञाकडे, भुंगे कीटकशास्त्रज्ञाकडे, असे नमुने ते पाठवीत. मात्र कोणता नमुना कोणत्या गांवीं व कोणत्या थरांत मिळाला तें स्वतः नोंदवीत. येथेंच त्यांच्या कार्याचें खरें मोल आहे. कारण त्यांचीं कांहीं अनुमानें पुढें चुकीचीं ठरलीं. काळ्या पाषाणामधले थर त्यांनीं वास्तविक काळाहून पुष्कळ अलीकडचे मानले, आणि कोळशाच्या थरांबरोबरचा वाळूचा दगड आज ठरलेल्या काळाहून पुष्कळ अलीकडचा समजले. परंतु अनुमान चुकलें तरी नोंद चुकली नाहीं. त्यामुळेंच पुढच्या पिढीला त्याच स्थळीं जाऊन तोच थर पुनः तपासतां आला आणि चूक दुरुस्त करतां आली. नोंद न ठेवितां नुसते सुंदर दगड जमविले असते तर त्यांच्याबरोबर त्यांचें ज्ञानहि मातीस मिळालें असतें.

मृत सृष्टीकडे पाहतांना जिवंत सृष्टीकडे त्यांचें दुर्लक्ष झालें नाहीं. नागपूरच्या तळ्यांत दगडांना व शेवाळास चिकटून राहणारा एक अतिसूक्ष्म जलचर आहे. मुंबईचे डॉ. हेन्री कार्टर यांनीं १८५८ सालीं त्याचें वर्णन केलें व त्यास हिस्लोपिया असें नांव दिलें. तें आजहि चालू आहे. एका हिरवट खनिजासहि हिस्लोपाइट असें नांव मिळालें. परंतु याहून आम्हांस विशेष वाटते ती त्यांनीं गोंडादि वन्य जातींविषयीं दाखविलेली आस्था. त्या लोकांच्या भाषेंतील शब्द, चालीरीति, देवदेवता आणि लिंगोविषयींचीं गीतें त्यांनीं परिश्रमपूर्वक लिहून घेतलीं. ज्या लोकांची गणना त्या काळीं शहरांतील सुशिक्षित लोक करीत नसत, त्यांची वाणी कागदावर यावी म्हणून त्यांनीं तेवढेंच कष्ट घेतले जेवढे एखाद्या शंखासाठीं घेतले.

१८५३ च्या अखेरीस रघूजी भोसले वारले आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत हा नवा प्रांत निर्माण झाला. या प्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा हिस्लॉप यांच्याशीं चांगला स्नेह जमला. शाळा, लोकस्थिति, जुन्या वस्तु या सर्वांविषयीं ते हिस्लॉप यांचा सल्ला घेत. नागपुराच्या आसमंतांत माळरानावर मोठमोठ्या दगडांचीं वर्तुळें ठिकठिकाणीं आढळतात; तीं प्राचीन काळच्या लोकांचीं दफनस्थानें आहेत. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथें अशीं वर्तुळें खणण्याचें काम चाललें होतें. तें पाहण्यासाठीं १८६३ च्या सप्टेंबरांत टेंपल व हिस्लॉप त्या बाजूस गेले. मुक्काम जवळच बोरी येथें होता. धामणगांवाहून नागपुरास जाणारी आगगाडी पुलगांवाजवळ वर्धा नदी ओलांडते, वर्धा व सिंदी मागें टाकते आणि मग जें बुटीबोरी स्थानक लागतें, त्याच्या आसपासचा हा मुलूख.

ता. ४ सप्टेंबर रोजीं खोदकाम पाहून मंडळी मुक्कामाकडे परतली. हिस्लॉप मात्र टाकळघाटची शाळा तपासण्यासाठीं मागें राहिले. मुलांची परीक्षा घेतांघेतां सांज झाली, आणि ते एकटेच घोड्यावर बसून निघाले. पावसाळ्याचे दिवस, सकाळीं सहज ओलांडलेल्या ओढ्यास आतां पूर आला होता. मुक्कामावरील मंडळींनीं पाहिला तो स्वारावांचून परत आलेला घोडा. सर्वत्र शोध सुरू झाला, आणि ओढ्याच्या पाण्यांत हिस्लॉप यांचा मृतदेह मिळाला. आणखी चार दिवसांनीं त्यांस ४६ वर्षें पूर्ण झालीं असतीं. मागें पत्नी व मुलें होतीं, शाळा होती, आणि अर्धवट राहिलेल्या लिखाणाच्या वह्या होत्या. ज्यानें पाण्याच्या तळाशीं गाडल्या गेलेल्या जिवांचा इतिहास आयुष्यभर लिहिला, त्याचा अंत पाण्यानेंच व्हावा, या दैवगतीनें मन खिन्न होतें.

त्यांच्या वह्या वायां गेल्या नाहींत. गोंडादि जातींविषयींचें त्यांचें लिखाण टेंपल यांनीं स्वतः संपादून १८६६ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या वर्षीं हिस्लॉप गेले त्याच १८६३ सालीं नागपुरास मध्यवर्ती पदार्थसंग्रहालय स्थापन झालें. लोक त्यास अजब बंगला म्हणतात. १८८३ सालीं त्यांच्या शाळेस कॉलेजचे वर्ग जोडले गेले व तें हिस्लॉप कॉलेज झालें. लंडनच्या संस्थेकडे पाठविलेले त्यांचे नमुने १९११ सालीं तेथील निसर्गेतिहास संग्रहालयांत गेले व आजतागायत तेथें आहेत. मांगलीची ती कवटी पाहावयाची तर आपल्या मुलांस सातासमुद्रांपलीकडे जावें लागतें, ही गोष्ट मनास लागते. त्या काळीं तिचें परीक्षण करूं शकणारा पंडित येथें नव्हता हें खरें. परंतु आज ती स्थिति राहिलेली नाहीं, आणि पुढें काय झालें तें ऐकिलें म्हणजे वाचकांस समाधान वाटेल.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा नांवाचें खेडें आहे. तेथील प्रचंड प्राण्यांचीं हाडें प्रथम हिस्लॉप यांच्याच निदर्शनास आलीं. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चार्ल्स मॅटली यांनीं तेथें खोदकाम केलें, आणि हाडांबरोबर शेतांत विखुरलेल्या, दगड झालेल्या विष्ठेच्या गोळ्यांचाहि अभ्यास करून १९३९ सालीं त्यांवर निबंध लिहिला. दगडाचा हा गोळा पाहून कोणीहि तो बाजूस फेकून देईल! परंतु २००५ सालीं भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनीं याच गोळ्यांचें सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षण केलें, तेव्हां त्यांत गवताचे वाळूसारखे सूक्ष्म कण आढळले. डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतेंच अशी तोंवर समजूत होती. भात ज्या कुळांतला त्या तृणकुळाचा उगम किती प्राचीन आहे, हें जगास पिसदुऱ्याच्या शेतांतील त्या टाकाऊ गोळ्यांनीं शिकविलें.

पिसदुऱ्याच्या जवळच डोंगरगांव येथें कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं १९८४ ते १९८६ या काळांत एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉराचा मोठा सांगाडा खणून काढला. १९९७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि २००३ सालीं त्या संस्थेच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास इसिसॉरस असें नांव मिळालें. हा सांगाडा लंडनास गेला नाहीं. तो आपल्याच देशांत राहिला. टाकळघाटच्या ज्या परिसरांत हिस्लॉप यांचा शेवटचा दिवस गेला तेथें सुमारें शंभर वर्षांनीं डॉ. शां. भा. देव यांच्या देखरेखीखालीं नागपूर विद्यापीठानें शास्त्रशुद्ध उत्खनन केलें, आणि लोखंड वापरणाऱ्या त्या प्राचीन वर्तुळकर्त्या लोकांच्या जीवनावर प्रकाश पडला. आणि आमच्या अमरावती जिल्ह्याविषयीं म्हणाल, तर उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं सालबर्डीच्या परिसरांत डायनोसॉराच्या पुढल्या पायाचें हाड मिळाल्याचें अमरावती विद्यापीठांतील अभ्यासकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां ही प्राचीन सृष्टि परमुलखांतली नव्हे. ती आमच्याच जिल्ह्याच्या मातींत आहे.

आतां आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. संग्रहालयें मोठीं असतात, शास्त्रज्ञ विद्वान् असतात. परंतु पहिला दगड बहुधा उचलतो तो शेतकरी, गुराखी, विहीर खणणारा मजूर किंवा शाळकरी मुलगा. विहिरीच्या उपशांत, नाल्याच्या कांठीं किंवा रस्त्याच्या खाणींत शंखाच्या आकाराचा, पानाच्या ठशाचा, लांकडाच्या रेषांचा अथवा हाडासारखा दगड दिसला तर तो फोडूं नये. खडकांत बसलेला असेल तर उपटूंहि नये. हाडाची मांडणी एकदां मोडली म्हणजे ती पुनः जुळत नाहीं. स्थळ, शेताची किंवा नाल्याची खूण, जमिनीपासूनची खोली व तारीख हीं वहींत लिहून ठेवावीं, जमल्यास चित्र काढावें, आणि आपल्या शिक्षकांस सांगावें. नागपुरास भूगर्भ खात्याची मोठी कचेरी आहे, अजब बंगला आहे. अमरावतीस विद्यापीठ आहे. त्यांच्यापर्यंत बातमी पोहोंचविणें हें आपलें काम. खणणें हें जाणत्यांचें काम. घराच्या कोनाड्यांत शोभेस ठेविलेला किंवा बाजारांत विकलेला जीवाश्म, त्याचें गांव व त्याचा थर विसरला गेला म्हणजे मुका होतो.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा खिशांत दगड भरून घरीं आला तर त्यास रागें भरण्याआधीं ते दगड कोठून आणले तें त्यास विचारावें, आणि तें त्याच्याकडून लिहवून घ्यावें. डन्स गांवच्या त्या गवंड्याच्या घरीं मुलाच्या अशा दगडांचा तिरस्कार झाला असता, तर नागपूरची भूमि आणखी किती वर्षें अबोल राहिली असती कोण जाणे.

हिस्लॉप यांच्यापाशीं द्रव्य नव्हतें, वेळ नव्हता, अद्ययावत् साधनें नव्हतीं. जवळ होती ती पाहण्याची संवय, नोंद ठेवण्याची शिस्त आणि मिळालेलें ज्ञान सर्वांस वांटून देण्याची वृत्ति. त्यांच्या शेवटच्या संध्याकाळीं पुढें गेलेल्या मंडळींत ते नव्हते. कारण एका खेड्यांतील मुलांची परीक्षा व्हावयाची राहिली होती. त्या मुलांचीं नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत. त्यांच्याच वयाचीं व त्यांच्यासारख्याच खेड्यांतून आलेलीं मुलें आज आमच्या वर्गांत बसतात. त्यांनीं आपल्या गांवचा ओढा, आपली विहीर व आपल्या शेताचा बांध एकदां लक्ष देऊन पाहावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.